लक्ष्म्यांच्या सुताची गाठ

आमच्या लातूरच्या भजनी मंडळाची व्रतांची पुस्तिका निघायची होती. भादव्यात लक्ष्म्यांपुढं, म्हणजे गौरींपुढं, सूत ठेवतात, त्याची जुनी रीत मी किल्लारीच्या केवळामावशींकडून मोबाइलवर रेकॉर्ड करून आणली. सुताची ती गाठ गावात आता त्यांनाच येते. भूकंपात मालक गेले तेव्हापासून त्यांनी सूत हातात धरलं नव्हतं. मला शिकवायचं म्हणून धरलं. अट एकच घातली, "तारा, आवाज घे. फोटूत तोंड नको काढू. सवाष्णींच्या कामात माझं तोंड कशाला?" मी शब्द दिला.

घरी आल्यावर सून पुनमनं आवाजावरून मजकूर लिहिणारं ॲप लावलं. मावशींची बोली असूनही त्यानं बरंच नीट उतरवलं. पुनम वाचायला लागली, "सूत असं घ्यायचं. मग असं. असा पीळ द्यायचा, हितून काढायचं, की झाली गाठ." ती थांबली. "आत्याबाई, एवढ्यावरून मंडळातल्या एका बाईनं गाठ बांधून दाखवावी, महिनाभर तिची भांडी मी घासते."

"दुसरं ॲप लावून बघ की."

"कोणतंही लावा, ते ऐकणारच. हात कुठं दिसतात त्याला? व्हिडिओवरून लिहिणारं एक आहे. प्रत्येक ओळीसमोर त्या वेळचं चित्र थांबतं, ते बघून राहिलेले शब्द आपण भरायचे. पण व्हिडिओ पाहिजे ना. तुम्ही तर समोर होतात, तुम्हीच सांगा."

मला सांगता येईना. व्रताचं काही ऐकताना माझे डोळे आपोआप मिटतात. हात जोडून, डोळे मिटून सगळं ऐकलं होतं.

"धन्य," पुनम हळूच म्हणाली.

मनात आलं, पुनमला सोबत न्यावं, तिनं बाजूला बसून गुपचूप व्हिडिओ काढावा. मावशींना आता फारसं दिसतही नाही. सकाळी पूजेला बसले, पण माळ काही पुढं सरकेना. तेव्हा ठरवलं, विचारूनच काय ते करायचं.

सोमवारचा उपास होता, तशीच पुनमला घेऊन बसमध्ये बसले. मावशींना सगळं सांगितलं, डोळे मिटल्याचंही. त्या हसल्या. "म्हंजे मी भिताडाला शिकवीत व्हते."

"तोंड येऊ देत नाही मावशी. नुसते हात घेते."

त्यांनी हात मांडीवर ठेवले. मनगटं मोकळी होती, एकही बांगडी नव्हती. "हात बी तेच सांगतेत की गं."

काही होत नाही म्हणणं सोपं होतं. पण पुस्तिकेत त्या हातांची चित्रं बघून मंडळातल्या दोघी-तिघी नाकं मुरडणार, हे मला ठाऊक होतं. तेही सांगून टाकलं.

मावशी म्हणाल्या, "मी गेल्यावर गाठ कुणाला इचारतील त्या?"

"कुणालाच नाही."

"मंग बघू दे हात. आन् हातावर पदर-बिदर टाकू नको."

पुनमनं मोबाइल धरला. घरात उजेड कमी होता. मावशी सूत घेऊन स्वतःच दाराकडं सरकल्या आणि दोन्ही हात उन्हात धरले.