ॲसिटोनचा बोळा

दुष्काळाच्या त्या वर्षी नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, पण चिकलठाण्याच्या कारखान्यात सर्किट बोर्डांच्या ऑर्डरींचा पूर आला होता. आलेला माल तपासणाऱ्या गजालानं नव्या चिपवर ॲसिटोनचा बोळा फिरवला. काळा रंग सुटला आणि खालून दहा वर्षांपूर्वीचं साल निघालं. भंगारातली चिप रंगवून नवी केली होती.

"पुसताच कशाला, गजालाबाई? शिक्का मारा," सुपरवायझर आदिनाथ खेकसला.

"साहेब, हे बोर्ड तान्ह्या बाळांच्या काचेच्या पेटीत बसणार आहेत!"

"बसू द्या. तपासणीत दाखवायच्या नमुन्याला चांगल्या पाच शोधा."

गजालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं अख्खी बाटली ट्रेवर उपडी केली आणि एकूण एक चिप घासून काढली.

"घ्या, आता शोधा चांगल्या पाच!"