एकवीस दिवस वऱ्हाडीत

नीलम इंगळेला काम मिळालं होतं ते फक्त चौदा वाक्यांचं.

अमरावतीच्या एका शाळेत ती मराठी शिकवायची. उन्हाळ्याच्या सुट्ट्या नुकत्याच लागल्या होत्या, आणि मुंबईच्या एका वाहिनीची मालिका अकोल्याजवळच्या एका गावात चित्रित होणार होती. मालिका साठ वर्षांपूर्वीच्या एका गाजलेल्या कथेवर बेतलेली, 'उजेडानंतरचे एकवीस दिवस'. अणुयुद्ध पेटतं, मुंबई-दिल्ली एका दुपारीच नाहीशा होतात आणि वऱ्हाडातला खुशालराव आपलं घरदार घेऊन ज्वारी साठवायच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, उतरतो. पाणी संपतं तेव्हा घरचा गडी बुधाजी घागर घेऊन वर जातो. पाणी आणतो आणि चार दिवसांनी मरतो.

संहितेत सगळे पुस्तकी मराठी बोलत होते. वऱ्हाडी बोलत होता एकटा बुधाजी. त्याची चौदा वाक्यं तपासून द्यायची, एवढंच नीलमचं काम.

अकोल्याला ती माहेरी उतरली. वडील देवमन, पोस्टातून निवृत्त झालेले. मालिकेचं नाव ऐकताच त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"हे तं पहिले टीव्हीवर आलतं," ते म्हणाले. "चाळीस वर्सं झाले असतीन. पन्नास जन एका खोलीत बसलो होतो. बुधाजी मरून राहिला होता अन् मनत होता, 'मले पानी द्या माय.' अन् सारे हासले."

"काहून?"

"टीव्हीवर वऱ्हाडी बोलनारा मानूस हासवासाठीच येते ना बाई. मीबी हासलो. मंग घरी येऊन जेवलो नाही."

दुसऱ्या दिवशी नीलम सेटवर गेली तेव्हा पायल मॅडम उन्हात उभ्या राहून पेवाच्या तोंडावरची माती ठीक करून घेत होत्या. मालिकेच्या दिग्दर्शक त्याच.

"तपासलीस वाक्यं?"

"तपासली. चूक एकही नाही. पण मॅडम, खुशालराव याच गावचा ना? त्याचा बाप, त्याची बायको, सगळे इथलेच. मग एकटा बुधाजीच असा कसा बोलतो?"

"मूळ कथेत तसंच आहे." पायल मॅडमनी हात झटकले. "आणि खरं सांगू? जग संपतंय आणि सगळे 'मले-तुले' करतायत, हे ऐकून लोक हसतील. वाहिनीनं मला आधीच बजावलंय."

"मग बुधाजीलाही पुस्तकी बोलू द्या. हसायचंच झालं तर त्याच्या एकट्याच्या मरणावर कशाला?"

नीलमचा आवाज थोडा चढलाच. आजूबाजूचे लोक काम थांबवून बघायला लागले. आता आपल्याला परत पाठवणार, असं तिला वाटलं. पायल मॅडमनी मात्र संहिता मागवून घेतली आणि उद्याचं पान काढलं.

"उद्या दुपारी पाण्याचा प्रसंग आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही भाषांत घेऊ. तुझ्या भाषेत एकच टेक. जमला, तर वाहिनीशी मी भांडेन."

खुशालरावाची भूमिका करणारा ललित ठाण्याचा, मालिकांमधला ओळखीचा चेहरा. त्यानं वऱ्हाडी बोलून पाहिली ती विनोदी कार्यक्रमांतली, प्रत्येक शब्द ताणून. लाइटवाला फिस्सकन हसला. ललित ओशाळला. "माझंच मला खोटं वाटतंय," तो नीलमला म्हणाला. "काय करू?"

नीलमनं वडिलांना बोलावून घेतलं. दुपारी चारच्या एसटीनं देवमन आले आणि सेटच्या मागच्या निंबाखाली ललितसमोर खुर्ची टाकून बसले.

"काका, दुःखात वऱ्हाडी माणूस कसा बोलतो?"

"मी पोस्टात तार वाटो," देवमन म्हणाले. "मरनाच्या तारा लय वाटल्या. वाचोबी मीच, काहून का लोकाइले वाचता येत नसे. तुमाले सांगतो, खबर आयकल्यावर मानूस लांब बोलत नाही. आवाज खाली जाते. पहिले इचारते, 'कवा?' मंग चुप. मंग मलेच इचारे, 'भाऊ, तुमी जेवले का?'"

"तुम्हाला?"

"मंग? एवढ्या उनात तार घेऊन आलेला मानूस मी. घरात मरन झालं तरी दारातल्या मानसाले उपाशी कसं धाडावं?"

नंतर दोन तास ललित देवमनना नुसता बोलतं करत राहिला. पोस्टातल्या गोष्टी, सायकलच्या गोष्टी, कोण कुठं भांडलं त्याच्या गोष्टी. तिकडे नीलमनं त्या प्रसंगातलं खुशालरावाचं अर्ध्या पानाचं भाषण काढून टाकलं आणि तीन वाक्यं ठेवली.

दुसऱ्या दिवशी आधी पुस्तकी टेक झाला. चांगला झाला. सगळ्यांनी माना हलवल्या. मग दुसरा.

पेवात खुशालरावाचं कुटुंब अंग चोरून बसलेलं. बुधाजी घागर उचलतो. ललित उठला. त्याचा आवाज इतका खाली गेला, की ध्वनिमुद्रण करणाऱ्यानं कानावरचा हेडफोन दाबून धरला.

"बुधाजी, नोको जाऊ. मले जाऊ दे. तुले लेकरं आहेत."

"तुमालेबी आहेत, मालक."

बुधाजी शिडीकडे वळला. इथं प्रसंग संपायचा होता. पण ललितनं त्याचा हात धरला, आणि संहितेत नव्हतं ते त्याच्या तोंडून आलं.

"जेवला का तू?"

बुधाजी झालेल्या नटानं मान हलवली, नाही म्हणून. खुशालरावानं फडक्यातली उरलेली अर्धी भाकर त्याच्या हातात दिली. बुधाजी ती खात उभा राहिला आणि सगळं घर त्याचं खाणं बघत राहिलं.

पायल मॅडम 'कट' म्हणायच्याच विसरल्या. वर चित्रीकरण बघायला आलेली गावातली बायामाणसं उभी होती, कोणी चपलांचा आवाजही केला नाही. मग लाइटवाला खाली बसला आणि त्यानं रुमालानं तोंड झाकलं. निंबाखालून देवमन पुढं आले होते. ते लेकीला एवढंच म्हणाले, "बराबर."

वाहिनीचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. फोन ठेवून पायल मॅडम नीलमकडे जवळजवळ धावतच आल्या. "सहाही भाग वऱ्हाडीत! सगळ्यांचे संवाद तूच कर. पण दहा दिवसांत."

नीलमनं ते नऊ दिवसांत केले. गावच्या शाळेच्या व्हरांड्यात ती लिहायची आणि गावातल्या बाया येता-जाता ऐकून सांगायच्या, "सून सासऱ्याले असं नाही बोलत व." नीलम खोडायची, पुन्हा लिहायची. इतक्या आनंदानं आयुष्यात तिनं काही लिहिलं नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये अमरावतीला पहिल्या दोन भागांचा खेळ झाला. सभागृह भरलं, पायऱ्यांवर माणसं बसली. देवमन पहिल्या रांगेत होते. बुधाजी भाकर खायला लागला तेव्हा एवढ्या गर्दीत एकही खोकला ऐकू आला नाही. शेवटी पडद्यावर 'संवाद : नीलम इंगळे' उमटलं आणि टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. मागून कोणीतरी ओरडलं, "आपल्या भाषेतलं हाय रे हे!" आणि लोक उभे राहिले. पायल मॅडमनी नीलमला ओढून पुढं नेलं. ललित वाकून देवमनच्या पाया पडला. नीलमला काही बोलायला सांगितलं, तर ती हसत होती आणि रडतही होती.

गर्दी ओसरता ओसरता एका म्हातारीनं तिचं मनगट धरलं. धामणगावच्या पार्बताबाई, नातीबरोबर आलेल्या.

"तूच लिवलं काय व हे?"

"हो आजी."

"लय चांगलं लिवलं. पन तुया खुशालरावले अक्कल नाही." पार्बताबाई खरोखर चिडल्या होत्या. "पेव उघडलं का कोनी तसंच उतरते काय? पहिले कंदील सोडा लागते. कंदील इझला तं आतली हवा इखारी, मानूसबी मरते. लहान लेकरं होते ना संगं!"

नीलमनं पर्समधून पेन आणि हाती लागला तो कागद काढला, आणि तिथंच पायरीवर त्यांच्या शेजारी बसली.

"चुकलं आजी. आनखी काय काय चुकलं, सांगा बरं."

आणि पार्बताबाई सांगायला लागल्या.