मोजे जुळवणाऱ्या यंत्राची साक्ष

सुनावणीच्या दिवशी वहिनीला सकाळपासून असं स्फुरण चढलं होतं की तिने चहात साखरेऐवजी मीठ घातलं. नणंदेने तो चहा निमूट प्यायला आणि वर अजून अर्धा कप मागितला. पाठिंबा द्यायचा तर तो असा द्यावा.

वहिनी मोज्यांच्या कारखान्यात जोड्या लावायची. ढिगातले सगळे मोजे दिसायला सख्खे भाऊ, पण एखादा बोटभर आखूड निघायचा. मग कॅमेरा लावलेलं यंत्र आलं आणि मॅनेजरने "आता तुमचं काम उरलं नाही" म्हणत वहिनीला नारळ दिला.

"वन्सं, हरले तर हो?" कामगार अधिकाऱ्यांच्या कचेरीचा जिना चढताना वहिनी कुजबुजली.

"हरायला काय तो कॅरम आहे? काम खरंच संपलं असेल तर त्यांना काढता येतं. काम शिल्लक असेल तर नोकरी तुझी. तू फक्त गरीब दिस."

"कशी दिसू? हसूच फुटतंय!"

खोलीत पाहतात तर मॅनेजरने पुरावा म्हणून अख्खं यंत्रच आणलेलं. ते दारातून आत येईना, म्हणून दारच काढलं होतं. यंत्राशेजारी मॅनेजरचा मेहुणा उभा होता. त्याची नवी नेमणूक होती 'यंत्र-सहायक'.

"बघाच साहेब!" मॅनेजरने बटण दाबलं.

मेहुण्याने टोपलीतून दोन मोजे निवडले, ताणून एकमेकांना लावून पाहिले आणि पट्ट्यावर ठेवले. हिरवा दिवा लागला. "जोडी जुळली!" यंत्र गोड आवाजात म्हणालं.

अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला. "हे तुम्ही काय केलंत?"

"जोडी लावली, साहेब."

"मग यंत्राने काय केलं?"

"शाबासकी दिली."

"आणि जोडी न लावता मोजे टाकले तर?"

"मग ते रुसतं. पाठोपाठ दाजीही रुसतात."

वहिनीने नणंदेचा दंड असा आवळला की बिचारीला गरीब दिसायला वेगळे कष्ट पडले नाहीत.

"खोटं आहे!" म्हणत मॅनेजरने अख्खी टोपली पट्ट्यावर ओतली. लाल दिवा लागला. यंत्र खडखडलं. एक मोजा छताच्या पंख्यावर जाऊन बसला. मॅनेजर वाकला, तसा त्याचा टाय आत ओढला गेला. यंत्राने तो एका पांढऱ्या मोज्याशी नीट लावला.

"जोडी जुळली!"

अधिकारी हसले नाहीत. सरकारी माणूस. फक्त त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते. "काम जागच्या जागी आहे," ते शेवटी म्हणाले. "माणूस तेवढा बदललाय. यंत्राच्या नावाखाली असं काढता येत नाही. बाईंना परत कामावर घ्या. उद्यापासून."

नणंदेने अशी शीळ घातली की खालच्या रस्त्यावर रिक्षा थांबली. वहिनीला उद्यापर्यंत दम कुठला? तिने पदर खोचला, ढीग पुढ्यात ओढला आणि सपासप जोड्या लावायला बसली. मेहुण्याने आदराने स्टूल सरकवून दिलं.

"अहो वहिनी," यंत्राला नाक टेकलेला मॅनेजर कळवळला, "आधी मला सोडवा!"

वहिनीने मान वर केली नाही.

"माझं काम मोज्यांचं, साहेब. टायला सहायक आहेत."