लेन्सकडे पाहणारी बाई

विमा कंपनीतून रिटायर झालेल्या बायका काय करतात? भिशी लावतात, अष्टविनायक करतात, डॉक्टरला गुडघे दाखवून येतात. गिरगावच्या सीमाने दादरच्या एका कॉलेजात चित्रपटाच्या एम.ए.ला नाव घातलं. तिच्या मुलाने, वरदने, समजावून पाहिलं, "आई, वर्गातली पोरं माझ्याहून लहान असतील." "असू देत. मी काय त्यांच्याशी सोयरीक जुळवायला जातेय?" ती म्हणाली आणि विषय मिटला.

खरं कारण तिने घरात सांगितलं नव्हतं, पण तुमच्यापासून काय लपवायचं? सीमाने आपल्या आईचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता. म्हणजे पाहिला असणार, पण आठवणार कुठून? ती रांगत असतानाच तिची आई, लतिका, काविळीने गेली. लग्नाचा एकुलता एक फोटो वाळवीने खाल्ला. लतिका परळच्या स्टुडिओत एक्स्ट्रा म्हणून जायची, एवढंच काय ते माहीत होतं. पाणवठ्यावर घागर घेऊन जायचं, वरातीत चालायचं, गर्दीत उभं राहायचं. पडद्यावर नाव नाही की गाव नाही. पण म्हणजे कुठल्या तरी जुन्या सिनेमाच्या कोपऱ्यात आई असणारच, हे सीमाने मनाशी पक्कं धरलं होतं. आणि जुने सिनेमे असे ढिगाने बघायला एम.ए.सारखी दुसरी सोय नाही.

वर्षभर तिने फक्त गर्दी पाहिली. नायिका झाडाभोवती कितीही फिरो, सीमाचे डोळे मागच्या बायकांवर. शेजारी बसणारा उन्मेष चिडवायचा, "काकू, हीरो इकडे आहे." चिडवू दे बापडा. तिची चिंता वेगळीच होती. आई समोर आली तरी ओळखायची कशी? लालबागची सुंदरामावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, म्हणायची, "तुझ्यासारखीच दिसायची गो." पण आई नसलेल्या पोरीला सगळेच असं सांगतात. त्यावर किती विश्वास ठेवायचा? आणि सिनेमांची नावं तर मावशीला एकही आठवत नव्हतं.

मग एका सोमवारी अभय सरांनी संकलनात राहून गेलेल्या चुका शिकवायला घेतल्या. एका जुन्या कृष्णधवल सिनेमातलं हळदीचं गाणं त्यांनी भिंतभर पडद्यावर लावलं. बायकांची रांग ताटं घेऊन पुढे येत होती. त्यातली कडेची एक अचानक मान वळवून सरळ समोर पाहू लागली, ओठांवर हसू. सरांनी चित्र थांबवलं.

"बघा. एक्स्ट्राने लेन्समध्ये पाहिलं. पहिल्या दिवशी त्यांना हेच बजावतात की कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. एका नजरेने अख्खा शॉट बिघडला."

वर्ग हसला. सीमाला हसू ऐकूच आलं नाही. समोर भिंतीएवढा चेहरा होता. उजवी भुवई डावीपेक्षा चढलेली, हनुवटीला खळी. त्या भुवईशी ती रोज सकाळी आरशात कुंकू लावताना झगडत आली होती. इतकी वर्षं आपण जिला शोधतोय ती तरणीताठी बाई ताट हातात घेऊन आपल्यालाच बघतेय, असं तिला वाटलं, आणि देवळात गेल्यासारखे तिचे हात आपोआप जुळले.

"सर, परत लावाल?"

सरांनी परत लावलं. ती बाई पुन्हा आली, पुन्हा वळली. पण विमा कंपनीत जन्म काढलेली बाई ती, पुराव्याशिवाय कशी मानणार? भुवया काय, चार जणींच्या सारख्या असतात. खात्री देऊ शकेल अशी जगात एकच व्यक्ती होती. तिने नाही म्हटलं, तर हा चेहराही गेला.

सरांकडून तेवढा तुकडा फोनवर घेऊन ती तडक लालबागला मावशीच्या खोलीवर पोचली. काहीच न सांगता तिने फोन मावशीच्या हातात दिला. मावशीने चष्मा पुसला आणि फोन नाकाशी नेला. गाणं वाजलं, रांग आली. सीमा मावशीच्या तोंडाकडे बघत होती.

"लतिका गो," मावशी म्हणाली. बोटाने ती काचेवरचा तो गाल चाचपत राहिली.

सीमा कॉटवर बसली. म्हणजे खरंच. आपल्यालाही आई होती, ती अशी चालायची, अशी वळायची. तिला हसावं की रडावं कळेना. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "मावशी, आमचे सर म्हणतात तिने चूक केली. कॅमेऱ्यात बघितलं."

"कॅमेऱ्यात नाय गो बघितलं तिने," मावशी म्हणाली. "कॅमेऱ्याला लागून मी हुबी होते, नि माझ्या कडेवर तू. तुला घरी ठेवणार कोणाकडे? भुकेने भोकाड पसरलं होतंस. गाणं एवढं मोठ्यांदा लावलेलं, तुझं रडणं कोणाला ऐकू जातंय? तिला गेलं. चालता चालता वळली नि तुझ्याकडे बघून हसली. त्यापायी स्टुडिओच्या मालकाची बोलणी खाल्ली बिचारीने."

सीमाने फोन घेतला. तिने तो तुकडा पुन्हा सुरू केला. आई ताट घेऊन आली, वळली, तिच्याकडे बघून हसली. मग पुन्हा एकदा, आणि आणखी एकदा. मावशीने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"गप रव बाय, गप रव," ती म्हणाली. "तेव्हा तर तिला बघितल्या बघितल्या गप झाली होतीस."