सातव्या प्रकरणातलं नाव

थावरा राठोड गुरुजींचं पुस्तक कुणाकुणाच्या घरी आहे, हे गुरुजींना तोंडपाठ होतं. अठ्ठ्याण्णव साली हिंगोलीच्या एका छापखान्यातून त्यांनी स्वतःच तीनशे प्रती काढल्या होत्या आणि पिशवीत घालून वारंगा फाट्याच्या आसपासच्या तांड्यांत, शाळांत हातोहात दिल्या होत्या. कुठली प्रत वाचली गेली आणि कुठली देवळीत धूळ खात पडली, तेही त्यांना ठाऊक होतं.

पुस्तक तांड्याच्या आठवणींचं. त्यातलं सातवं प्रकरण पाझर तलावाच्या कामाचं होतं. शहाऐंशी साली त्या तलावाची भिंत खचली आणि भावसिंग नावाचा मजूर मातीखाली गेला. मुकादम धर्मसिंग म्हणाला, भावसिंग त्या दिवशी कामावर नव्हताच, हजेरीपटात नाव नाही. नाव कुठून असणार? ते पान धर्मसिंगानं फाडून चुलीत घातलं होतं. मजुरांना पाणी पाजणाऱ्या जिवनबाईनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. बारा वर्षं ती गप्प राहिली. मग एकदा शेळ्या चारता चारता, इकडंतिकडं बघत, तिनं ते गुरुजींना सांगितलं.

गुरुजींनी आधी तिचं नाव लिहिलं होतं. पण छापखान्यातून तपासायला आलेले कागद आठ दिवस घरात पडून राहिले. येता-जाता त्या ओळीवर नजर जाई आणि धर्मसिंग आठवे. नवव्या दिवशी त्यांनी नाव खोडून 'एका बाईनं' असं केलं. पुस्तक निघालं. धर्मसिंगानंही एक प्रत नेली. काही झालं नाही.

दोन हजार नऊ साली गुरुजींची धाकटी लेक दिपा फाट्यावरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होती. तिनं सगळं पुस्तक टाईप केलं आणि इंटरनेटवर टाकलं.

"बा, आता छापखाना नको, पिशवी नको," ती म्हणाली. "कुनीबी, कुठंबी वाचू शकतं."

महिनाभरात चारशे जणांनी ते उतरवून घेतलं. नागपूरहून, पुण्याहून ई-मेलनं पत्रं आली, एक तर थेट दुबईहून. गुरुजी रोज क्लासवर जाऊन ती वाचू लागले. एकानं लिहिलं होतं, 'सातवं प्रकरण मनानं रचलेलं वाटतं. ती बाई खरी असेल तर नाव का नाही?'

गुरुजींना ते झोंबलं. "नाव टाक," ते म्हणाले.

"जिवनकाकीला इचारायचं का?"

"इचारू मागून. टाक."

दहा मिनिटांचं काम. 'एका बाईनं' गेलं आणि तिथं जिवनबाई आली.

पाचव्या दिवशी सकाळी फोन वाजला. आवाज अनोळखी, पण अदबीचा.

"गुरुजी, तुमचं पुस्तक वाचलं. लई बराबर लिहिलं. ती जिवनबाई अजून जित्ती हाय का?"

"कोण बोलून राहिलं?"

"वाचक," तो माणूस म्हणाला आणि फोन बंद झाला.

गुरुजी तसेच क्लासवर गेले. दिपानं लगेच नाव काढलं. पण दुपारी फाट्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं त्यांना हाक मारली. त्याच्याकडं एक वाया गेलेलं पान पडलं होतं. सातवं प्रकरण. जिवनबाईच्या नावाखाली पेनानं रेघ ओढलेली.

"पन्नास प्रती काढून नेल्या," तो म्हणाला. "जीप व्हती. ह्या निवडणुकीत धर्मसिंग उभा हाय ना, त्याच्यासाठीच ती फिरून राहिली."

छापलेलं असतं तर गुरुजी घरोघर जाऊन प्रती परत मागून आणू शकले असते. आता कुणाच्या दारात जाणार?

जिवनबाई खोपटासमोर शेंगा सोलत बसली होती. एरवी दारातच बसणारा तिचा कुत्रा दिसत नव्हता.

"दोन दिस झाले, न्हाई आला," ती म्हणाली. "काल दोघं आले व्हते. पानी मागितलं. पिऊन म्हनले, म्हातारे, तुला नीट दिसतं का? म्हनलं, दिसतं. म्हनले, मंग तलावाकडं जात जाऊ नको, पाय घसरल." तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "माजं नाव कोन सांगितलं त्याहिला, थावरा?"

गुरुजींनी सगळं सांगितलं.

"मला काहून इचारलं न्हाई?"

गुरुजी तिच्यासमोर खाली बसले. "काकी, तुमी हट्टा गावाला लेकीकडं जा. आजच."

"जाते," ती म्हणाली. "पन आधी ठाण्यात चल. नाव तं चौकडं गेलंच हाय. आता तोंडानं सांगते."

दुसऱ्या दिवशी ती, गुरुजी आणि दिपा पोलीस ठाण्यात गेले. साहेबांनी छापलेलं पुस्तक उघडलं, शेजारी झेरॉक्सचं पान ठेवलं.

"यात 'एक बाई' आहे, त्यात जिवनबाई. आणि इंटरनेटवर आज नावच नाही म्हणता. गुरुजी, समोरचा वकील विचारणार, यातलं खरं कोणतं? उद्या अजून काय बदलाल?"

अकरा वर्षांपूर्वीचं छापील पान गुरुजींच्याच विरुद्ध उभं होतं.

"साहेब, ते दोनी बाजूला ठेवा," जिवनबाई म्हणाली. "मी इथं बसेल हाव. मला इचारा."

दोन तास ती बोलली. शेवटी अंगठा उठवला.

त्याच दिवशी शेळ्यांसकट ती हट्ट्याला गेली. आठवड्याच्या आत तिचं खोपट जळालं. आग कशानं लागली, ते तांड्यात कुणी बोललं नाही. धर्मसिंगाला ठाण्यात दोनदा बोलावणं गेलं. निवडणुकीत तो निवडून आला आणि त्याची मिरवणूक तांड्यातूनच गेली. गुरुजींच्या घरापुढं ती थोडा वेळ थांबली. हलगी वाजत राहिली.

पुढच्या रविवारी गुरुजी हट्ट्याला गेले. जिवनबाई लेकीच्या ओट्यावर बसून शेजारच्या बायांना तलावाची, भावसिंगाची, फाडलेल्या पानाची गोष्ट सांगत होती. आवाज थेट रस्त्यापर्यंत येत होता.

"काकी, हळू," गुरुजी म्हणाले.

"काहून?" ती म्हणाली, आणि तशीच सांगत राहिली.

गुरुजी ओट्याच्या कडेला, रस्त्याकडं तोंड करून बसले.