करंगळीतला पाचू

ऋषिराजच्या करंगळीतली पाचूची अंगठी निघेना आणि साडेआठला गेट बंद होणार होतं.

पहाटे कोरेगावहून आईला, म्हणजे शालूबाईंना, गाडीवर मागं बसवून तो सांगलीला परीक्षेला आला होता. सरकारी क्लार्कची. बाराव्यांदा. पुढच्या महिन्यात वयच निघून जाणार, मग फॉर्मसुद्धा भरता येणार नव्हता. म्हणून तर आईनं गुरुजींना विचारून पाचू घातलेला. पाचू बुधाचा, बुध बुद्धीचा, आणि कमी काय पडत होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. खडा कातडीला टेकलाच पाहिजे, नाहीतर गुण येत नाही, असं गुरुजी म्हणालेले. आईनं तो असा टेकवून घेतला की करंगळीचं वांगं झालं.

अंगावर धातू चालणार नाही, हे हॉलतिकिटावर लिहिलेलं होतं. ऋषिराजनं ते अकरा वेळा वाचलेलं, पण तेव्हा अंगठी नव्हती.

गेटवरच्या वॉचमननं मशीन फिरवलं, मशीन ओरडलं. काढा आणि या, एवढंच तो म्हणाला. साडेसात झाले होते.

साबण लावून झाला. मग वडापाववाल्याचं तेल. ते गरम होतं, हे बोट बुडवल्यावर कळलं. बोट आणखी सुजलं.

आठ वाजता दोघं मागच्या गल्लीत वर्धमानशेठ सोनारांच्या दारात. शेठनी चहा बाजूला ठेवला, डोळ्याला भिंग लावलं आणि खूशच झाले. अंगठी कापायची सोडून आत बघत बसले. पाचूत जन्मापासूनच चिरा असतात, एकही नसली तर काच समजायची. पूर्वीच्या लोकांना वाटायचं पाचू बघून नागाची नजर जाते. असं सगळं निवांत सांगितलं.

"शेठ, कापा की," ऋषिराज म्हणाला.

"आवं, दाब पडला तर फुटंल. हिरा न्हाई ह्यो."

"फुटू दे."

"न्हाई फुटायचा," शालूबाई आडव्या आल्या. "दमानं कापा, शेठ. खडा जपा."

"आये, बोट तोडा म्हण. पर मला गेटातनं आत घाल गं."

शेठनी कानस घेतली आणि तान्ह्या बाळाची नखं काढावीत तसे घासायला लागले. आठ वीसला ऋषिराज रडायला लागला. आठ सत्तावीसला त्यानं दुसऱ्या हातानं शेठची पक्कड उचलली आणि डोळे मिटून दाबली. अंगठी तुटली. खड्याचे दोन तुकडे झाले.

तो जीव खाऊन पळाला. गेटाला लागलेलं कुलूप वॉचमन ओढून बघत होता. आठ एकतीस. ऋषिराजनं मोकळी करंगळी गजातनं आत घातली आणि निघाली, बघा, निघाली, असं सांगत राहिला. करंगळी परीक्षेला पोचली होती, बाकीचा माणूस बाहेर. वॉचमन म्हणाला, दिसतंय मला, पण किल्ली साहेबांकडं गेली.

मागनं शालूबाई धापा टाकत आल्या. मुठीत दोन तुकडे, चेहऱ्यावर समाधान.

"खडा फुटला रं. केवढं संकट यायचं हुतं, त्यानं अंगावर घेतलं."

"ह्याच्यापेक्षा मोठं कुठलं, आये?"

शालूबाईंनी जरा विचार केला. "आत गेला असतास," त्या म्हणाल्या, "आन् परत नापास झाला असतास तर?"

वॉचमनला ते लय पटलं. त्याची पोरगी तीन वर्षं तलाठ्याची परीक्षा देत होती. गजाजवळ तोंड आणून त्यानं हळूच गुरुजींचा नंबर मागितला. शालूबाई एकेक आकडा सांगत होत्या, आणि ऋषिराजची करंगळी अजून गेटाच्या आतच होती.