एकाच बाजूचा आवाज

चोल्पोननं म्हाताऱ्या एस्तेबेसच्या डोक्यावरच्या हेडफोनची एक बाजू उचलून स्वतःच्या कानाला लावली. आत काहीच नव्हतं. खरखर नाही, शीळ नाही. भिंतीला कान लावावा तशी नुसती शांतता.

"बोला ना, अता. काहीही बोला," ती वडीलधाऱ्याला विनवावं तशी म्हणाली.

"काहीही कसं बोलू? समोरून कुणी काही म्हटल्याशिवाय मला सुचत नाही," एस्तेबेस म्हणाला आणि मांडीवरचा तीन तारांचा कोमुझ त्यानं सरळ केला.

लॅपटॉपच्या पडद्यावर मेलिसचा संदेश उमटला. मेलिस नारीन शहरात, रेडिओच्या स्टुडिओत यंत्रांपाशी बसला होता. 'सुचत नाही म्हणतायत, ते ऐकलं. आवाज झकास. बुरमाकान अपा हसतायत.'

म्हणजे इथून जात होतं. तिथून येत नव्हतं.

चोल्पोन रेडिओची इंजिनियर. खिंड बर्फानं बंद होण्याआधीच्या शेवटच्या टपालगाडीनं ती या गावात पोचली होती, ती फक्त आजच्या कार्यक्रमासाठी. गावात मोबाईल चालत नव्हता, डोंगराआड रेडिओही लागत नव्हता. खिंडीवरच्या मनोऱ्यावरून इंटरनेट मात्र येत होतं, आणि त्याच्याच आधारानं वाचनालयात एक फोन बसवला होता. स्टुडिओत गाणारी बुरमाकान, इथे एस्तेबेस. दोघांत आयतीश व्हायचा होता: एकानं तिथल्या तिथे कवन रचून टोमणा मारायचा, दुसऱ्यानं त्याच दमात कवनातच उत्तर द्यायचं. असं करणाऱ्याला अकिन म्हणतात, आणि जो अकिन उत्तर देत नाही तो हरतो. हे दोघं चाळीस वर्षं एकमेकांना हरवत आले होते.

"नक्की बिघडलंय काय?" एस्तेबेसनं विचारलं.

"तुमचा फोन नारीनला आपला पत्ता देतो, पण तो घरातला पत्ता. आतल्या खोलीचा. तिकडून निघालेला आवाज ती खोली शोधायला जातो, आणि अशी खोली प्रत्येक घरात असते. त्यामुळे तो वाटेतच कुठंतरी नाहीसा होतो."

"मेंढपाळानं 'मी काळ्या दगडापाशी आहे' असा निरोप धाडावा, तसं."

चोल्पोननं मान वर केली.

"प्रत्येक कुरणात एक काळा दगड असतो," तो म्हणाला. "मग?"

"मग मी फोनला बाहेरचा पत्ता शिकवला. आणि दाराशी बसलेल्या या राउटरला सांगितलं, की बाहेरून या नावानं आवाज आला तर थेट अतांकडे धाड. सगळं बरोबर आहे. तरी येत नाही."

ग्रंथपाल झूरा चहाची किटली आणि तळलेल्या बोर्सोकची थाळी घेऊन आली. तिनं दोघांचे चेहरे पाहिले आणि न विचारताच थाळी खिडकीत ठेवून दिली.

पडद्यावर पुन्हा मेलिस: 'सुरू करतोय. विषय श्रोत्यांच्या पत्रातून निघेल. आता मी यंत्रावर, लिहायला हात मोकळे नाहीत. शेवटचं सांग, अतांना ऐकू येतंय ना?'

चोल्पोनची बोटं कळांवर गेली. तिच्या बोटांवर एस्तेबेसचा तळहात येऊन पडला, जड आणि कोरडा.

"'एस्तेबेसला ऐकू येत नाही' असं लिहू नकोस."

"लाइनला ऐकू येत नाही, असं लिहिते."

"तू लाइन लिहिशील. नारीनमध्ये माझं नाव वाचतील."

गेल्या उन्हाळ्यातल्या मोठ्या स्पर्धेत एका तरुण अकिननं घाणेरडा टोमणा मारला होता, आणि एस्तेबेस कोमुझ खाली ठेवून नुसता बसून राहिला होता. उत्तर द्यायच्या लायकीचं ते नव्हतं, एवढंच. पण मांडवाबाहेर पडेपर्यंत लोकांनी ठरवून टाकलं की म्हाताऱ्याचे कान गेले. त्यानंतर त्याला कुठूनही बोलावणं आलं नाही. आजचं आलं, कारण बुरमाकाननं रेडिओवाल्यांना बजावलं होतं, की गाईन तर त्याच्याशीच गाईन.

"अता, तुम्ही उत्तर कशाला देणार? प्रश्न तर कळायला हवा."

"चाळीस वर्षं तीच बाई आहे ती. दुसरं काय विचारणार?" त्यानं हात उचलला. "लिही, येतंय म्हणून."

चोल्पोननं लिहिलं: 'हो.'

फोनवरचा लाल दिवा पेटला. आता इथला श्वाससुद्धा खाली खोऱ्यातल्या घराघरांत ऐकू जाणार होता. एस्तेबेसनं डोळे खिडकीबाहेरच्या बर्फावर लावले आणि तो वाट पाहू लागला. मग त्याची भुवई उडाली. ओठ एका बाजूला सरकले. कुणीतरी नेमकं वर्मावर बोट ठेवावं तशी त्यानं मान हलवली, आणि चोल्पोनला क्षणभर वाटलं की आवाज आला. तिनं हळूच हेडफोनची बाजू उचलली.

काहीच नव्हतं.

त्यानं तारा छेडल्या.

हसू नको, बुरमाकान, घोडा माझा थकलेला,
तुझ्या दाराशी मात्र आपणहून वळलेला.
मी खेचत होतो लगाम, ऐकेना तो बेटा,
चहा तुझा कडू तरी विसरेना तुझ्या वाटा.

तो थांबला. पुन्हा बर्फाकडे पाहू लागला. त्याच्या मांडीवरचं एक बोट कुणाच्या तरी तालावर हलत होतं.

चोल्पोनला ते बघवेना. तिनं मान वळवली, आणि तिची नजर राउटरमागच्या तारेवर गेली. तार छताकडे जायला हवी होती. ती छताकडे जात नव्हती. भिंतीतल्या भोकातून ती शेजारच्या घरात शिरली होती.

ती चवड्यांवर चालत झूरापाशी गेली आणि तिच्या कानाशी लागली. "एजे, ही तार तुमच्या घरात कशी?"

"इंटरनेटची छत्री आमच्याच छपरावर आहे ना. इथं डोंगर आडवा येतो," झूरा कुजबुजली.

"छत्रीपासून तार थेट इथं येते?"

"थेटच. मध्ये फक्त तो डबा आहे."

"कुठला डबा?"

"मुलगा मॉस्कोला जायच्या आधी कॉम्प्युटरवर खेळायला घेऊन आला होता तो. दिवे लुकलुकतात त्याचे. थंडीनं मरेल म्हणून मी त्याला गुंडाळून ठेवलंय."

चोल्पोननं तोंडावर हात दाबला आणि लॅपटॉप उचलला.

झूराच्या घरात पेटीवर रजयांची चळत छतापर्यंत रचली होती. त्या चळतीच्या मागून, जाड लोकरी नमद्यात बांधलेला, दोरीची गाठ मारलेला डबा झूरानं एखादं तान्हं बाळ काढावं तसा बाहेर काढला. तो कोमट होता, आणि तोही राउटरच होता. दोन दारं होती तर. आतल्या दाराशी चोल्पोननं बजावून ठेवलं होतं. बाहेरच्या दाराशी नमदा पांघरून बसलेल्या या पहारेकऱ्याला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. तो बुरमाकानचं प्रत्येक कवन घेत होता आणि कुणाचं आहे ते न कळून टाकून देत होता.

"आधी नाही सांगायचं, एजे?"

"तू वाचनालयातल्या डब्याचं विचारलंस. हा तर घरातला."

भिंतीपलीकडून एस्तेबेसचा आवाज येत होता. तो चौथ्यांदा गात होता की पाचव्यांदा, तिनं मोजलं नाही. प्रत्येक कवनानंतर तो थांबत होता, जेवढं थांबायला हवं तेवढंच, आणि पुन्हा उचलत होता. घोडा अजून त्याच्याबरोबर होता. त्यानं घोड्याला बुरमाकानच्या अंगणात बांधलं होतं, तिच्या नवऱ्याशी त्याची ओळख करून दिली होती, आता गवताच्या भावावरून भांडण चाललं होतं. एकदाही तो अडखळला नाही. स्टुडिओत कितीही गोंधळ उडालेला असो, त्या खोलीत मात्र समोर कुणीतरी बसून त्याच्याशी भांडत होतं. चोल्पोननं बुरमाकानला कधी जवळून पाहिलं नव्हतं, पण ती कुठे हसते आणि कुठे डोळे वटारते हे आता भिंतीआडूनही कळायला लागलं होतं.

डब्याच्या पोटावर परवलीचा शब्द छापलेला होता. चोल्पोननं आत शिरून एकच ओळ भरली: या नावानं येणारा आवाज पुढच्या दाराकडे सोड.

ती परत आली तेव्हा एस्तेबेसचं कवन नुकतंच संपलं होतं. तो बर्फाकडे पाहत होता. मग त्याच्या मांडीवरचं बोट थांबलं.

तिनं धावत जाऊन हेडफोनची बाजू उचलली. आत एक बाई गात होती. आवाज जाडसर, वयानं थोडा फाटलेला, पण तालाला पक्का.

विषय दिला पुलाचा, हा बसलाय घोड्यावर,
म्हटलं, येऊ दे त्याला, थांबते मी काठावर.
पूल लाकडी, लोखंडी, कुणीही बांधायचा,
आधी पार करील कोण? घोडा एस्तेबेसचा!

मागे स्टुडिओतले लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. पूल. चोल्पोननं एस्तेबेसकडे पाहिलं. आजचा विषय पूल होता, आणि तो पहिल्या कवनापासून घोड्यावरून उतरलाच नव्हता. 'मुद्द्यावर ये, म्हाताऱ्या' एवढं बुरमाकान गायली असती, तरी सामना तिथंच तिचा झाला असता. त्याऐवजी ती दर वेळी आपला पूल उचलून त्याचा घोडा असेल तिथं नेत होती.

एस्तेबेसचा चेहरा कोमुझकडे झुकला होता. त्यानं तारा उगाचच एकदा जुळवल्या, त्या जुळलेल्याच होत्या. मग त्यानं घोडा पुलाच्या मधोमध आणून उभा केला आणि पलीकडच्या काठावरच्या बाईला विचारलं, अजून जागी आहेस की कंटाळून घरी गेलीस. टाळ्यांचा आवाज हेडफोनमधून बाहेर आला. दारात उभी असलेली झूरा रुमालाऐवजी नमद्याच्या तुकड्यानंच डोळे पुसत होती.

दिवा विझला. कार्यक्रम संपला. मेलिसनं काहीतरी लिहिलं, ते चोल्पोननं वाचलं नाही. लाइन अजून जोडलेली होती.

"एस्तेबेस," बुरमाकान म्हणाली. "आहेस ना?"

"आहे की."

"लाइन बरी होती?"

"उत्तम. नारीनहून पोरगी आली आहे खास. काचेसारखं स्वच्छ."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

पलीकडे चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला.

"मग सांग, आजचा विषय काय होता?"

एस्तेबेसनं चोल्पोनकडे पाहिलं. ती खाली बसून तारेचं वेटोळं करण्यात फार गुंतली होती.

"घोडा," तो म्हणाला.

तिकडे थोडा वेळ काहीच आलं नाही. चोल्पोनचा हात आपोआप राउटरकडे गेला.

"घोडाच होता," बुरमाकान म्हणाली.